ओट्याखालचं जहाज

सूनबाईचा पाय ओट्यातून आरपार गेला, तेव्हा मी आत बसून वन्संना फोनवर सांगत होते की ओटा अगदी पोलादासारखा आहे, तुम्ही बिनधास्त या.

"कसला गं आवाज आला?" वन्संनी विचारलं.

"मांजर. भांडं पाडलं."

"तुमच्याकडे मांजर कधी आलं?"

"आत्ताच," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

बाहेर जाऊन बघते तर सूनबाई एका पायावर उभी, दुसरा पाय गुडघ्यापर्यंत फळीत, हातात पिळलेली चादर. आमच्या घराच्या भिंती पातळ आहेत. ती शांतपणे म्हणाली, "आई, या मांजराला आधी बाहेर काढा."

आता हा ओटा म्हणजे काय ते सांगते. आमचं घर समुद्राच्या इतकं जवळ आहे की भरतीला लाटा खिडकीतून डोकावून विचारतात, चहा झाला का. वारा असा खारट की दोरीवर वाळत घातलेली पॅंट संध्याकाळी आपली आपण चालत घरात येते. एकदा तर शेजाऱ्यांची कोंबडी वाऱ्यानं उचलली ती थेट दीपगृहावर. तिथेच अंडी घालायला लागली बिचारी, रोज जिना कोण उतरणार. तर अशा घराच्या मागच्या दाराला लाकडी फळ्यांचा हा ऐसपैस ओटा. मुलगा त्याला डेक म्हणतो. पुढच्या दाराला बावीस पायऱ्या आहेत, मागची गल्ली मात्र ओट्याच्या जवळजवळ बरोबरीची, मधे एक छोटा उतार. म्हणजे चाकाची खुर्ची आमच्या घरात यायची तर ओट्यावरूनच, दुसरी वाट नाही.

आणि चाकाची खुर्ची यायची होती. वन्सं, म्हणजे माझी नणंद, बाथरूममध्ये पडल्या आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण वर्षभर तरी खुर्ची सुटणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. एकट्या राहणाऱ्या बाईनं जायचं कुठं? मी म्हटलं, इकडे. त्यांनी वृद्धाश्रमात खोली बघून ठेवली. दहा दिवसांनी येणाऱ्या शनिवारपर्यंत ती खोली त्यांच्यासाठी राखून ठेवणार होते.

"वहिनी, मी येईन," त्या म्हणाल्या होत्या, "पण माझी अट आहे. खुर्ची सरळ आत गेली पाहिजे. मला कुणी पोत्यासारखं उचलायचं नाही. एकदा उचललं की रोज उचलावं लागतं, आणि रोज उचलावं लागलं की माणूस जड होतं."

मला वन्सं हव्या होत्या. मी गोष्ट सांगायला लागले की घरातले सगळे माना डोलावतात, मोबाईल बघत. वन्सं एकट्या अशा की मधेच थांबवून म्हणतात, "मागच्या वेळी त्या मगरीला एक डोळा होता, आज दोन कसे?" असं माणूस ज्याच्याजवळ नाही त्याला गोष्ट सांगण्यात राम नाही. भिंतीशी कॅरम खेळल्यासारखं होतं.

म्हणून पाय बाहेर निघाल्याबरोबर त्याच दुपारी सुताराला बोलावलं.

सुतार उंच, वाकलेला, कानावर पेन्सिल. काहीही विचारलं की एकच उत्तर, "बघू." सूनबाईनं पहिल्या तासातच त्याचं नाव ठेवलं बघूदादा. त्यानं खिशातून एक जुना स्क्रूड्रायव्हर काढला आणि फळी टोचत निघाला. डॉक्टर पोट दाबून बघतो ना, तसं. चांगल्या लाकडात टोक अडायचं, कुजक्यात लोण्यासारखं आत. आमच्याकडे लोणीच जास्त निघालं.

"दरवर्षी रंग लावता?" त्यानं विचारलं.

"दरवर्षी," मी अभिमानानं म्हटलं. "जाड ऑइलपेंट. नवरीसारखा ठेवलाय ओटा."

"आणि फटींत लांबी कुणी भरली?"

ती लांबी, म्हणजे पुट्टी, मीच भरली होती. विणताना सुया फटीतून खाली जायच्या, म्हणून एका उन्हाळ्यात बसून सगळ्या फटी लिंपून टाकल्या. घरच्यांनी कौतुकही केलं होतं.

"आजी," बघूदादा म्हणाला, "फट म्हणजे ओट्याचं नाक. तुम्ही नाक दाबलंत आणि वरून रंगाचं पांघरूण घातलंत. आत गेलेलं पाणी बाहेर येणार कुठून?"

"चाळीस वर्षं आलं नाही ते आता कशाला येतंय," मी पुटपुटले.

त्याचा हात थांबला. "चाळीस वर्षं? या हवेत? कसलं लाकूड आहे हे?"

मी तोंड उघडायच्या आत मुलगा बोलला. "जहाजाचं. तीन वेळा जगाला वळसा घातलेलं जहाज. आई, सांग ना."

झालं. माझी जीभ म्हणजे उतारावरची गाडी. मी सांगितलं. ते जहाज समुद्रात इतकं मुरलेलं की मासे त्याला आपला मामा समजायचे. एक देवमासा रोज संध्याकाळी त्याच्या बुडाला पाठ घासून जायचा. कप्तानाला म्हातारपणी पोहायचा कंटाळा आला, म्हणून त्यानं जहाज मोडलं आणि त्या फळ्या आमच्याकडे आल्या. सात समुद्र प्यालेलं लाकूड, त्याला पाणी काय करणार?

बघूदादानं स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवला आणि फळीवरून हात फिरवला.

"माझे वडील होड्या बांधायचे," तो म्हणाला. "आमच्यात जहाजाच्या लाकडाला करवत लावत नाहीत. ते फेकायचं नसतं. जितकं वाचेल तितकं वाचवायचं."

तेव्हा मला छान वाटलं. सुतारही आपल्यातला निघाला, म्हटलं.

पण तीन दिवसांत माझा चेहरा उतरला. बघूदादा एकेक फळी अलगद सोडवायचा, रंग खरवडायचा, कुजका भाग पटाशीनं कोरायचा, त्या खाचेत बरोबर बसेल असा नवा तुकडा तासायचा, पुन्हा कोरायचा. जुन्या शालूला रफू करतात ना, तसं. तीन दिवसांत तीन फळ्या झाल्या. ओट्याला फळ्या अडतीस. खालच्या तुळयांना तर त्यानं अजून हातही लावला नव्हता.

"दादा, शनिवारपर्यंत होईल ना?"

"बघू."

"लाकूड फारच गेलंय हो."

"असं लाकूड मी कधी पाहिलं नाही," तो भक्तिभावानं म्हणाला. "सागवान नाही, काही नाही. लांबच्या मुलखातलं असणार."

लांबच्या मुलखातलं कसलं, कोपऱ्यावरच्या वखारीतलं ते. खरं काय ते मला आणि वन्संना, दोघींनाच ठाऊक होतं.

माझं लग्न होऊन सहा महिने झाले होते. मामंजी म्हणजे माझे सासरे, पक्के करड्या शिस्तीचे. त्यांनी ओटा बांधायचा ठरवला आणि सागवान आणायला वन्संना पाठवलं. वन्संनीच हट्ट धरला होता, मुलगी म्हणून मला काही कळत नाही असं समजू नका. वखारवाल्यानं मोडक्या खोक्यांच्या फळ्यांना लाल पॉलिश मारून त्यांच्या गळ्यात मारल्या. वन्सं ऐटीत घेऊन आल्या. मी सहज नखानं खरवडलं तर आत पांढरं खोकं. वन्संचा चेहराही तितकाच पांढरा झाला. मामंजींनी फळी हातात घेतली, भुवई वर गेली, "हे कसलं लाकूड?" त्या घरात मी तोवर मामंजींसमोर 'हो' आणि 'वाढू का' याखेरीज बोलले नव्हते. पण वन्संच्या डोळ्यांत पाणी दिसलं आणि तोंडातून निघून गेलं, "जहाजाचं, मामंजी." एकदा जहाज निघालं म्हटल्यावर त्याला समुद्र द्यावा लागला, मग कप्तान, मग देवमासा. मामंजी जेवायला जायचं विसरून ऐकत राहिले. दुसऱ्या दिवशी वन्संनी मला कोपऱ्यात घेतलं आणि वचन घेतलं, मरेपर्यंत कुणाला सांगायचं नाही.

तर असं हे जहाज. चाळीस वर्षांपूर्वी ज्यानं वन्संना वाचवलं, तेच आता त्यांची वाट अडवून बसलं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी मी ठरवलं. वन्संचं नाव न घेता सांगायचं. बघूदादा चौथी फळी कोरत बसला होता. मी वेताचा मोडा ओढून समोर बसले.

"दादा, ते जहाजबिहाज सगळं खोटं आहे. हे बाजारातलं खोक्याचं लाकूड. द्या फेकून."

त्यानं वर पाहिलं आणि हसला. चार दिवसांत पहिल्यांदा.

"आजी, तुम्ही काल ती दीपगृहावरच्या कोंबडीची गोष्ट सांगितलीत, तिला मी काही बोललो का? पण लाकडाची चेष्टा नको. खोक्याचं लाकूड चाळीस वर्षं टिकेल होय?"

"अहो, खरं सांगतेय."

"तुमचा मुलगा म्हणाला होता, आई असं काहीतरी म्हणेल. मला दमायला होतंय म्हणून माझी दया येतेय तुम्हाला."

मुलाला हाक मारली. तो म्हणाला, "आई, उगाच काहीही बोलू नकोस. त्या जहाजावर मी शाळेत निबंध लिहिला होता. पहिला नंबर आला होता."

"मी सांगितलं म्हणून लिहिलास ना?"

"मग? तेव्हा खरं सांगत होतीस ना?"

सूनबाई दारात उभी राहून पदर तोंडाला लावत होती. ती म्हणाली, "आई, तुम्ही आजवर एवढ्या थापा मारल्यात की खऱ्याला बसायला जागाच उरली नाही."

साक्षीदार एकच, वन्सं. पण त्यांना फोन लावायचा म्हणजे दोन गोष्टी कबूल करायच्या. एक, चाळीस वर्षांचं वचन मोडतेय. दोन, ओटा पोलादासारखा नाही. आणि दुसरी कळल्यावर वन्सं म्हणणार, मग राहू दे, मी वृद्धाश्रमात जाते. मी दोनदा फोन हातात घेतला, दोनदा ठेवला. तिसऱ्यांदा सूनबाईनं नंबर लावून माझ्या हातात दिला.

"वन्सं, ओटा कुजलाय," मी एका दमात सांगून टाकलं.

"म्हणजे पोलादासारखा नाही."

"नाही."

"आणि ते मांजर?"

"सूनबाई. पाय फळीतून खाली गेला होता."

"कुठला पाय?"

"डावा."

"माझाही डावाच," वन्सं म्हणाल्या. "पुढे सांग. एवढ्यासाठी तू फोन करायची नाहीस."

मी सांगितलं. सुतार तीन दिवस जहाज वाचवतोय, खरं सांगितलं तर ऐकत नाही, आणि तुमचं नाव घेतल्याशिवाय पटायचं नाही. "वचन दिलं होतं," मी म्हटलं. "तुम्ही नाही म्हणालात तर मी गप्प बसते."

वन्सं म्हणाल्या, "फोन मोठ्यानं ऐकू येईल असा ठेव आणि त्याच्याजवळ ने."

मी फोन फळीवर ठेवला. बघूदादा गुडघ्यांवर बसला होता. मुलगा, सूनबाई दोघंही जवळ आले.

"सुतारदादा, मी यांची नणंद. त्या फळ्या मी आणल्या. वखारवाल्यानं मला फसवलं आणि वडील रागावतील म्हणून माझ्या वहिनीनं जहाज रचलं. वीस वर्षांची होते मी. त्या दिवशी तिनं जे ढीगभर खोटं सांगितलं, तेवढं माझ्यासाठी कुणी खरंही बोललं नाही."

बघूदादानं घसा खाकरला. "पण आत्याबाई, चाळीस वर्षं टिकलं हे."

"लाकूड कुठं टिकलंय? रंग टिकलाय. वहिनी दरवर्षी फासते ना. तुम्ही तीन दिवस रंगाला ठिगळं लावताय."

बघूदादानं हातातल्या फळीकडे पाहिलं. मग सुरी घेऊन त्यानं नुसता रंग सोलला. जाड सालीसारखा लांबच्या लांब निघाला, आणि आतला भुसा त्याच्या मांडीवर सांडला. तो भुशाकडे बघत राहिला आणि हसायला लागला, खांदे गदगद हलवत. मुलगा मात्र गंभीर होता.

"आत्या, म्हणजे माझा पहिला नंबर?"

"तो तुझा नाही, तुझ्या आईचा," वन्सं म्हणाल्या. "दादा, आता करवत लावाल ना?"

"लावतो की," बघूदादा म्हणाला. काही विचारल्यावर त्याच्या तोंडून 'बघू' सोडून आलेलं हे पहिलं सरळ उत्तर.

"किती दिवस?"

त्यानं बोटं मोजली. "तुळया दोन दिवस, फळ्या दोन दिवस, उतार एक दिवस. घरच्यांनी हात लावला तर शुक्रवारी संध्याकाळी."

"मग ऐका. शनिवारी सकाळी मी येते. सामान गाडीतच राहील. खुर्ची आत गेली तर राहीन. चाक कुठं अडलं तर तशीच पुढे वृद्धाश्रमात. आणि वहिनी, मला उचलायला कुणी पुढे आलं तर त्याच्या हाताला चावेन."

त्या पाच दिवसांत आमच्या घरात स्वयंपाक नावालाच झाला. जुना ओटा निघाला तसा खालून माझा सगळा इतिहास वर आला. विणकामाच्या एकतीस सुया, तीन चष्मे, मुलाच्या लहानपणीची एक चप्पल, आणि माझा एक दात, जो मी गिळला म्हणून डॉक्टरकडे जाऊन आले होते. सूनबाईनं ते सगळं परातीत धुऊन मांडलं. म्हणाली, "आई, प्रदर्शन भरवू या."

कुजलेल्या तुळया गेल्या, नव्या आल्या. बघूदादानं त्या जमिनीपासून वर उचलून बसवल्या, खालून वारा जाईल अशा. लोखंडी खिळा एकही नाही, सगळे न गंजणारे स्क्रू. फळ्या त्यानं आडव्या बसवल्या, म्हणजे खुर्चीचं चाक फटीवरून जाईल, फटीत जाणार नाही. दोन फळ्यांच्या मधे कानावरची पेन्सिल ठेवायचा, स्क्रू आवळायचा, पेन्सिल काढायचा. तेवढी फट. मी बघतेय असं दिसलं की मुद्दाम मोठ्यानं म्हणायचा, "हे नाक. याला कुणी हात लावायचा नाही."

मला त्यानं ब्रश दिला होता. फळी कापली की तिचं टोक फार तहानलेलं असतं, पाणी तिथूनच पितं. म्हणून प्रत्येक टोकाला तेलाचं औषध पाजायचं काम माझ्याकडे. शहात्तर टोकं. मी प्रत्येकाला एकेक गोष्ट सांगत पाजली. पंचविसाव्या टोकापाशी बघूदादा म्हणाला, "आजी, मगरीचं मघाशी अर्धवट राहिलं." सव्विसाव्या टोकाला मी जरा सावकाश पाजलं.

मुलगा स्क्रू आवळत होता. ऑफिसचा माणूस, हाताला फोड आले. सूनबाई पहार घेऊन अशी उभी राहायची की मला माझ्या मुलाची काळजी वाटायला लागली.

शुक्रवारी संध्याकाळी ओटा झाला. रंग नाही, काही नाही, नुसतं लाकूड. बघूदादा म्हणाला, सुकू द्या, मग तेल, आणि ऑइलपेंटचा डबा घरात दिसला तर मी येणं बंद करीन. मुलानं आतून त्याची चाकाची ऑफिसची खुर्ची आणली, सूनबाईला बसवलं आणि गल्लीतून ढकलत निघाला. उतार चढली आणि ओट्याच्या कडेला खट्ट. चाकं अडली. सूनबाई पुढे झेपावली, मुलाच्या हातातून खुर्ची सुटली आणि बाई आपल्या आपण गल्लीत परत.

बघूदादा खाली वाकला. उतार आणि ओटा जिथं मिळतात तिथं नखाएवढी कड वर आली होती.

"खरी खुर्ची एवढ्यानं अडेल?" मी विचारलं.

या वेळी तो 'बघू' म्हणाला नाही. रंधा घेतला आणि दिवेलागण होईपर्यंत ती कड तासत बसला. मधे मधे डोळे मिटून तळहात फिरवायचा. शेवटी सूनबाईचा हात धरून त्यावरून फिरवला. "लागतंय?"

"नाही."

"आजी?"

मी हात फिरवला. "इथं," मी म्हटलं. काही नव्हतं तिथं, पण त्यानं अजून दोनदा रंधा मारला. बरंच झालं.

शनिवारी सकाळी गाडी मागच्या गल्लीत थांबली. मागच्या सीटवर दोन बॅगा आणि उशी. वन्संना खुर्चीत बसायला ड्रायव्हरनं हात पुढे केला, तर त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं हात खिशात घातला. आपल्या आपण सरकून बसल्या. वाळल्या होत्या. पण लिपस्टिक होती.

बघूदादा म्हणाला, "मी खाली जातो. वरून सगळं बरं वाटतं, लाकूड बोलतं ते खालून ऐकू येतं." आणि तो कठड्याजवळून ओट्याखाली आडवा शिरला. बाहेर नुसते तळवे दिसत होते.

आम्ही तिघं दाराशी उभे. कुणी पुढे व्हायचं नाही असं ठरलं होतं, तरी मुलाचे हात वळवळत होते, म्हणून सूनबाईनं त्याची कॉलर धरून ठेवली. वन्संनी चाकं धरली आणि रेटा दिला. उतार चढल्या. सांध्यापाशी आल्या. मी डोळे मिटून घेतले.

खट्ट झालं नाही. नुसता घर्रर आवाज, सारखा, एकेका फळीवरून जवळ येत गेलेला. डोळे उघडले तर वन्सं माझ्या गुडघ्यांशी.

"बाजूला हो की," त्या म्हणाल्या. "दारात उभी राहून वाट अडवायची सवय गेली नाही तुझी."

मी बाजूला झाले. त्या आत गेल्या, दिवाणखान्यात एक गिरकी घेतली आणि पुन्हा बाहेर आल्या.

ओट्याखालून आवाज आला, "आत्याबाई, डाव्या बाजूनं एकदा."

त्या डाव्या बाजूनं गेल्या.

"आता उजवीकडून."

त्या उजवीकडून आल्या. "कसं आहे?"

"छान आहे. एकही फळी बोलत नाही. झालं, थांबा आता."

वन्सं थांबल्या नाहीत. या टोकापासून त्या टोकापर्यंत, तिथून परत. मग वेग वाढवला. लहानपणी याच जागी त्या सायकल शिकल्या होत्या असं त्यांनी सांगितलं. तेव्हा इथं ओटाच नव्हता, पण मी दुरुस्त केलं नाही. खालून बघूदादा म्हणत होता, "आत्याबाई, भुसा डोळ्यात जातोय," आणि वर चाकं घर्रर करत होती.

पाचव्या की सहाव्या फेरीला त्यांनी पर्समधून फोन काढला आणि एका हातानं चाक फिरवत वृद्धाश्रमाला लावला.

"हां, ती राखून ठेवलेली खोली. द्या कुणाला तरी. नाही नाही, तक्रार काही नाही, तुमची खोली चांगलीच होती. पण काय आहे," आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं, "इथं एक बाई आहे, तिच्यावर लक्ष ठेवायला माणूस लागतं."

मुलगा बॅगा आणायला गल्लीत पळाला. सूनबाईनं चहा टाकला. बघूदादा भुशानं पांढरा होऊन ओट्याखालून निघाला आणि वन्संच्या खुर्चीशेजारी फळीवर टेकून त्यांच्याशी काहीतरी बोलत बसला.

"वहिनी," वन्सं म्हणाल्या, "ती दीपगृहावरची कोंबडी. हे सुतारदादा मला आत्ता सांगत होते. आधी तू बदक म्हणाली होतीस."

"ते वेगळं," मी मोडा ओढत म्हटलं. "बदक नंतर गेलं. तिला शोधायला."